एका वेळी किती माइक? भजनी मंडळासाठी रेकॉर्डर निवडताना

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून माध्यमिक शाळेच्या एका शिक्षकांचं पत्र आलं आहे. वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. शिक्षक स्वतः पेटी वाजवतात आणि अभंगांना चाली लावतात. मंडळातल्या तीन-चार वयस्कर गायकांकडे अशा जुन्या चाली आहेत, ज्या आता दुसऱ्या कुणाला येत नाहीत. त्या देवळात, चालू भजनात ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. शिवाय रात्री घरी बसून स्वतःच्या चालींवर एकेक वाद्य चढवत काम करायचं आहे. दिवसभर शाळेची ऑनलाइन माहिती भरून डोळे थकतात, रात्री पुन्हा लॅपटॉप उघडायची इच्छा नसते, म्हणून संगणकाशिवाय चालणारा मल्टिट्रॅक रेकॉर्डर हवा आहे. दुकानदारानं ३२ ट्रॅकचं यंत्र सुचवलं. भाचा म्हणतो, लॅपटॉप आहेच, नुसता ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, घे. मंडळातला मित्र म्हणतो, हातात मावणारा छोटा रेकॉर्डर पुरे. ४५ हजार रुपये बाजूला काढले आहेत आणि एवढे पुन्हा जमायला वेळ लागेल. त्यांनी विचारलं आहे : "घरी आणि देवळात, दोन्हीकडे चालेल असं एकच यंत्र सांगा. कमी ट्रॅकचं घेऊन पुढे पस्तावायची वेळ नको."

नमस्कार सर,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. कमी ट्रॅकचं यंत्र घेऊन पस्तावलेली माणसं मला फारशी भेटलेली नाहीत. कमी इनपुटचं घेऊन पस्तावलेली मात्र पुष्कळ भेटतात, कारण हे दोन आकडे वेगळे असतात हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. यंत्रात किती आवाज वेगवेगळे साठवून एकत्र वाजवता येतात, तो ट्रॅकचा आकडा. एकाच क्षणी बाहेरचे किती आवाज वेगवेगळे आत घेता येतात, तो इनपुटचा. टॅस्कॅमच्या डीपी-३२एसडीवर ३२ ट्रॅक आहेत, पण एका वेळी ध्वनिमुद्रण होतं ते आठांवर. त्याच कंपनीचं डीपी-००८ईएक्स आठ ट्रॅकचं आहे आणि त्यात एका वेळी दोनच आवाज जातात. झूम या दुसऱ्या कंपनीच्या आर१६ वर १६ ट्रॅक, एका वेळी आठ. म्हणजे भजन सुरू झाल्यावर ३२ ट्रॅकचं यंत्र आणि १६ ट्रॅकचं यंत्र, दोन्ही सारखेच आठ माइक घेणार. जास्तीचे ट्रॅक उपयोगी पडतात ते नंतर, घरी, थरावर थर चढवताना. आणि घरी तुम्ही चढवणार काय? पेटी, पखवाज, मुख्य आवाज, दोन-तीन वेळा कोरस, टाळ, फार तर तंबोरा. सगळं मोजलं तरी आठ-दहाच्या पुढे गाडी जात नाही.

कॅसेटवर चार ट्रॅकचं ध्वनिमुद्रण घरी करता येईल असं टॅस्कॅमचं पहिलं पोर्टास्टुडिओ १९७९ साली आलं. त्यानंतर कित्येक वर्षं जगभरातली मंडळी चार ट्रॅकवर गाणी रचत होती. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. एकदा उतरवलं की त्यातला समतोल बदलता येत नसे, त्यामुळे आधी नीट ऐकून ठरवावं लागे. चाल बांधणाऱ्या माणसाला ही शिस्त फार चांगली असते असं मला मनापासून वाटतं. ३२ ट्रॅक मोकळे असले की निर्णय पुढे ढकलले जातात.

तेव्हा यंत्राची यादी बाजूला ठेवा आणि आधी एक कागद घ्या. त्यावर तुमच्या देवळातलं भजन मांडा : कोण कुठे बसतं, तोंड कुणीकडे असतं, टाळकरी किती. मग विचार करा की यातल्या कुणाकुणाला वेगळा माइक खरंच हवा आहे.

इथे तुमच्या मनातलं आणखी एक गृहीतक तपासायला हवं. तुम्हाला वाटतंय की प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतलं की ते नंतर वेगळं करता येईल. स्टुडिओत, काचेपलीकडच्या खोल्यांत बसवलेल्या वादकांबाबत ते खरं आहे. भजनात माणसं एकमेकांना चिकटून बसतात, एकमेकांचा श्वास ऐकून लय धरतात, आणि टाळ सगळ्यांच्या कानांत वाजत असतो. दहा टाळकरी आणि वर पत्र्याचा सभामंडप असला, तर टाळ प्रत्येक माइकमध्ये शिरणार. बुवांचा ट्रॅक एकटा वाजवून पाहिलात तरी त्यात टाळ ऐकू येईल. तो काढून टाकता येत नाही, आणि काढण्याच्या प्रयत्नात बुवांच्या आवाजाचीच धार जाते.

म्हणून भजन टिपायची माझी पद्धत अशी असते. सगळ्या मंडळाचं एकत्र चित्र दोन माइकच्या जोडीनं घ्यायचं आणि जे त्या चित्रात मागे पडतं तेवढ्यालाच जवळून एकेक माइक द्यायचा. जोडी मंडळाच्या समोर दोन-तीन मीटरवर, बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा वर. दोन माइकमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ठेवा. फ्रेंच नभोवाणीनं रूढ केलेली ही रचना अशा बैठकीला छान बसते. मग एक माइक बुवांना, एक पेटीला, एक पखवाजाला. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा आणि शाईच्या बाजूची अक्षरं दोन्ही स्वच्छ हवी असतील तर तिथे दोन. टाळांना एकही नाही. जोडीत ते भरपूर येतात, खरं तर जोडी जरा मागे किंवा वर सरकवायची ती टाळांचा कडकडाट सौम्य व्हावा म्हणूनच. टाळकरी जोडीच्या अगदी समोर बसत असतील, तर थोडं बाजूला बसायची त्यांना विनंती करा. इतकं बदलल्यावर जो फरक पडतो तो कुठल्याही यंत्रानं पडत नाही.

झाले किती? पाच किंवा सहा. म्हणजे तुम्हाला सहा माइक एकत्र घेणारं यंत्र हवं, आठ घेत असेल तर उत्तम. दुकानदाराशी बोलताना हाच आकडा पहिला सांगा.

दुसरा प्रश्न विचारायचा तो फँटम पॉवरचा. डायनॅमिक माइकला, म्हणजे मांडवातल्या साऊंडवाल्याकडे असतात तशा शुअर एसएम५८ जातीच्या माइकला, बाहेरून वीज लागत नाही. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात आणि ते रेकॉर्डरनं केबलमधून पुरवायचे असतात. आठ इनपुट आहेत म्हणजे आठही ठिकाणी ही सोय असेलच असं नाही. आर१६ मध्ये ती फक्त पाचव्या आणि सहाव्या इनपुटला आहे. आर२४ मध्ये सहा इनपुटना आहे. तुमच्या रचनेत कंडेन्सर माइक फक्त जोडीचे, बाकी सगळे डायनॅमिक. त्यामुळे आर१६ सुद्धा चालून जाईल, जोडी पाच-सहावर लावली की झालं. पण हे माहीत नसताना चार कंडेन्सर माइक विकत घेतले असते तर दोन नुसते पडून राहिले असते.

आता विजेकडे वळते. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, आणि देवळात सगळ्यात जास्त नुकसान तिच्यामुळे होतं. गावठाण फीडरवरची वीज ऐन भजनात गेली आणि यंत्र फक्त ॲडॉप्टरवर चालणारं असेल, तर तेवढ्या क्षणी थांबणार. वर चालू असलेली फाइल नीट बंद झाली नाही म्हणून ती उघडेलच याची खात्री नाही. जनरेटर असला तरी तोच जनरेटर माळांचे दिवे आणि पंखे चालवत असतो, आणि त्याच लायनीवरून ५० हर्ट्झची गुणगुण तुमच्या ध्वनिमुद्रणात येते. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला यातला बहुतेक त्रास नाही. दुकानदारानं सुचवलेल्या वर्गातली ३२ ट्रॅकची टेबलावरची यंत्रं ॲडॉप्टरवरच चालतात, झूमचं टचस्क्रीनवालं आर२० सुद्धा. आर१६ सहा डबल-ए सेलवर चालतं. झूमचं एल-८ हे मिक्सर आणि रेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र चार डबल-ए सेलवर किंवा यूएसबीवरून चालतं, म्हणजे मोबाइलची पॉवर बँकही जोडता येते. फँटम चालू केली की सेल लवकर उतरतात हे धरून चाला. रिचार्जेबल सेल वापरणार असाल तर यंत्राच्या मेनूत सेलचा प्रकार बदलून ठेवा, नाहीतर बॅटरीची खूण खोटं सांगत राहते. सप्ताहाला जाण्याआधी घरी एकदा सगळे माइक जोडून, नुसतं चालू ठेवून, सेल किती वेळ पुरतात ते घड्याळ लावून पाहा. कंपनीनं छापलेला आकडा तुमच्या माइकचा नसतो.

घरची गरज अगदी वेगळी आहे. तिथे एका वेळी एक किंवा दोन माइक. पण हाताखाली प्रत्येक ट्रॅकचा आवाज वरखाली करणारी सरकपट्टी हवी, आधीचं ऐकत नवीन चढवता आलं पाहिजे, आणि चुकलेला एक आवर्तनाचा तुकडाच तेवढा नव्यानं भरता आला पाहिजे. हे शेवटचं काम, ज्याला पंच-इन म्हणतात, दुकानात स्वतःच्या हातानं करून बघा. छोट्या पडद्यावर मेनूत चार पातळ्या खाली उतरून ते करावं लागत असेल तर महिन्याभरात तुम्ही कंटाळाल आणि यंत्र कपाटात जाईल. तुमच्या मित्राच्या सूचनेतली अडचण इथे आहे. झूम एच६ सारखा छोटा रेकॉर्डर चार माइक आणि वर बसवलेली स्टिरिओ कॅप्सूल, म्हणजे दोन माइकचा जोड, असे सहा ट्रॅक घेतो, चार सेलवर चालतो, पिशवीत मावतो. देवळासाठी तो वाईट नाहीच. पण घरी त्याच्यावर चाल रचत बसणं हे किचकट काम आहे. दोन छोटे रेकॉर्डर घेऊन दोन ठिकाणी ठेवू, असाही विचार तुमच्या मनात येईल. प्रत्येक यंत्राचं आतलं घड्याळ किंचित वेगळं चालतं. तासाभराच्या ध्वनिमुद्रणात दोन फायली एकमेकींपासून सरकतात आणि टाळाचा एक ठोका दोनदा ऐकू येऊ लागतो. सहा माइक एकाच यंत्रात गेलेले बरे.

घरच्या कामात बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे मेट्रोनोम लावतात. भजनाला ते मानवत नाही. चाल संथ सुरू होते, मग चढत जाते आणि शेवटी द्रुत लयीत गजर होतो. एका ठरलेल्या गतीचा टिकटिकाट लावलात तर हा चढ मारला जाईल. तुमच्या घरात पखवाज वाजवणारे वडील आहेत, त्याचा उपयोग करा. पहिल्या फेरीत तुम्ही पेटीवर हळू गात बसा, वडिलांनी पखवाज वाजवावा, दोन माइक, दोन ट्रॅक. लय दोघांनी मिळून वाढवायची. मग त्याच पायावर मुख्य आवाज, कोरस, टाळ चढवा. बंद कपांचे हेडफोन वापरा, नाहीतर आधीचा आवाज माइकमध्ये गळतो. फाइलच्या नावातच पट्टी लिहून ठेवा, काळी दोन असेल तर काळी दोन. दोन महिन्यांनी वर काही चढवायला बसलात तर पखवाज कुठे लावायचा हे तिथेच दिसेल.

भाच्याची सूचना मी सहज सोडून देणार नाही. चार किंवा आठ इनपुटचा इंटरफेस आणि लॅपटॉप यांच्यावर त्याच पैशात बहुधा अधिक स्वच्छ आवाज मिळतो आणि दुरुस्त्या करणं फार सोपं जातं. शेवटचं मिक्सिंग तुम्हालाही कधीतरी संगणकावर करावंसं वाटेल. पण तुमची अडचण तांत्रिक नाही. दिवसभर पडद्यासमोर बसून आल्यावर ज्या यंत्राला जेमतेम छोटा पडदा आहे अशा यंत्रासमोर बसून वाजवावंसं वाटणं, हे यंत्र निवडायला पुरेसं कारण आहे. ज्यावर रोज हात जातो तेच यंत्र उपयोगाचं. शिवाय इथे एकच निवडायची सक्ती नाही. आर१६, एल-८, टॅस्कॅमचं मॉडेल १२, ही सगळी यूएसबी केबल लावली की संगणकाचे इंटरफेस होतात. कार्डावरच्या फायली साध्या वेव्ह फायली असतात, त्या भाच्याच्या लॅपटॉपवर तशाच उघडतात. तुम्ही रचा आणि वाजवा, मिक्सिंग त्याला करू द्या.

हल्ली ३२ बिट फ्लोटची बरीच चर्चा आहे, दुकानातही ती ऐकू येईल. त्यात आवाजाची पातळी आधी चुकली तरी नंतर सावरता येते, थाप जोरात पडली म्हणून आवाज फाटत नाही. झूमचा एफ६, टॅस्कॅमचा पोर्टाकॅप्चर एक्स८, झूमचा छोटा आर४ यांच्यात ही सोय आहे. आर४ मात्र एका वेळी दोनच माइक घेतो. सोय खरी आहे, पण ती यंत्राच्या आतली. माइकमध्येच आवाज फाटला किंवा साऊंडवाल्याच्या मिक्सरमधूनच आवाज फाटून आला, तर ३२ बिटही काही करू शकत नाही. आणि २४ बिटमध्ये काम नीट होतं, फक्त जागा राखायची सवय लागते. भजनाआधी बुवांना गजरातली सगळ्यात वरची ओळ गायला सांगा, वडिलांना जोरात थाप मारायला सांगा, आणि तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. माणसं चाचणीत नेहमी हळू गातात आणि रंगल्यावर दुप्पट जोरात, हे ध्यानात ठेवून अजून थोडं खाली ठेवलंत तरी हरकत नाही. २४ बिटमध्ये आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र सांधता येत नाही.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकचा एक तास म्हणजे साधारण ५२० एमबी. सहा ट्रॅकचा तास ३.१ जीबी. रात्रभराचा आठ तासांचा जागर २५ जीबीत बसतो, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड पुरतं. जुन्या यंत्रांना त्याहून मोठी कार्डं चालत नाहीत, आर१६ ची मर्यादा ३२ जीबीच आहे. दोन कार्डं ठेवा, यंत्रातच फॉरमॅट करा, आणि स्टॉप दाबून पडद्यावर नोंद पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत यंत्र बंद करू नका. तास-दीड तासांनी, दोन अभंगांच्या मधे, मुद्दाम थांबवून नवी फाइल सुरू करा. काही बिघडलंच तर तेवढंच जाईल.

साऊंडवाल्याबद्दल दोन गोष्टी. सप्ताहातल्या कीर्तनात कीर्तनकारांच्या अंगावर आधीच माइक असतो, आणि त्यांच्यासमोर तुमचा आणखी एक उभा करणं बरं दिसत नाही. अशा वेळी त्याच्या मिक्सरमधून लाइन घ्यायला हरकत नाही. पण मिक्सरमधला एकत्रित आवाज घेतलात तर त्यात मांडवासाठी जे वाढवलंय तेच येतं. टाळकऱ्यांना माइक नसल्यामुळे टाळ जवळजवळ गायब, आणि त्यानं मधेच बुवांचा आवाज वरखाली केला की तो तुमच्याकडेही वरखाली होतो. त्यामुळे मिक्सरची लाइन एका ट्रॅकवर आणि तुमची जोडी दोन ट्रॅकवर, असं दोन्ही घ्या. त्या इनपुटची फँटम बंद ठेवा. मिक्सरच्या त्या लाइनमधे आवाजाच्या केबलसाठीचा एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावलात तर दोन वेगळ्या विजेच्या जोडण्यांमुळे येणारी गुणगुण थांबते. आणि त्याच्याशी कार्यक्रमाच्या आधी, केबल पसरण्यापूर्वी बोला. सुरू झाल्यावर त्याच्या पाठीशी जाऊन वायर मागितली तर कुणालाही राग येईल.

खरं सांगायचं तर तुमच्या कामासाठी सप्ताहापेक्षा काकडा चांगला. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे जुनी माणसं देवळात येतात, गर्दी नसते, रस्त्यावर ट्रॅक्टर नसतो. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला नियमानंच मनाई आहे, त्यामुळे तुमचं देऊळ तो पाळत असेल तर आवाज जसा आहे तसा मिळतो आणि बुवा, पखवाज, टाळ यांचा समतोल मंडळींनी स्वतःच साधलेला असतो. पंखा बंद, फरशीवर सतरंज्या, मंडळाची परवानगी घेऊन घंटेच्या लोळीला फडकं. अशा बैठकीत कित्येकदा नुसती दोन माइकची जोडीच इतकं सुंदर चित्र देते की बाकीचे ट्रॅक उघडावेसेच वाटत नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न. घर आणि देऊळ दोन्ही एकाच यंत्रात बसवायचं असेल तर मी सहा ते आठ माइक घेणारा, सरकपट्ट्या असलेला आणि बॅटरीवर चालणारा लहान मिक्सर-रेकॉर्डर घेईन. एल-८ या वर्णनात बसतं, त्यात फँटमसह सहा माइक लागतात. जुन्या बाजारात चांगल्या अवस्थेतलं आर१६ किंवा आर२४ मिळालं तर तेही. जुनं घेताना प्रत्येक इनपुटला माइक लावून बोलून पाहा, प्रत्येक सरकपट्टी वरखाली करताना खरखर होते का ऐका, कंडेन्सर माइक सोबत नेऊन फँटम तपासा, कार्ड घालून दहा मिनिटं सगळे ट्रॅक एकदम भरून बघा. ३२ ट्रॅकचं टेबलावरचं यंत्र मी तुम्हाला सुचवणार नाही. तुम्ही फक्त घरी बसून मोठ्या रचना करणार असतात तर माझं उत्तर वेगळं असतं.

पैशांची वाटणीही आधी ठरवा. सगळे ४५ हजार यंत्रावर घातलेत तर देवळात हातात यंत्र असेल आणि माइक नसतील. यंत्राला साधारण निम्मे, फार तर थोडे अधिक. उरलेल्यातून कंडेन्सर माइकची एक जुळी जोडी, दोन-तीन डायनॅमिक माइक, जोडीसाठी एक उंच आणि जड बुडाचा स्टँड, लांब केबली, बंद कपांचे हेडफोन, कार्डं, सेल आणि चार्जर. डायनॅमिक माइक मंडळाकडे आधीच असतील, ते वापरा. निम्म्यात नवं यंत्र बसत नसेल तर जुनं घ्या, पण माइकच्या पैशांना हात लावू नका. पुण्या-मुंबईत ही यंत्रं दिवसाच्या भाड्यानंही मिळतात. एखाद्या एकादशीच्या भजनाला भाड्यानं आणून पाहिलंत तर माझ्या या लांब उत्तरापेक्षा जास्त कळेल.

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांची गरज तुमच्यापेक्षा वेगळी असू शकते. घरी एकट्यानं गाणाऱ्याला किंवा दोघांच्या गप्पा ध्वनिमुद्रित करणाऱ्याला दोन इनपुट पुरतात, त्यांनी आठ इनपुटांच्या मोहात पडू नये, चांगल्या माइकवर खर्च करावा. गोव्यातल्या घुमट आरतीच्या मंडळींना माझा सल्ला तुमच्यासारखाच : जोडी आधी, मग गाणाऱ्यांना एक माइक, घुमटांच्या रांगेला एक, शामेळ या तालवाद्याला एक. कांसाळ्याला, म्हणजे झांजेला, वेगळा नको. दशावतार किंवा तमाशाचा फड टिपणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, तिथे माणसं रंगमंचभर फिरतात. त्यांनी रंगमंचाच्या कडेला दोन-तीन माइक आणि वादकांना दोन, असा हिशेब धरावा.

एक गोष्ट मात्र यंत्र येईपर्यंत थांबवू नका. ज्या तीन-चार गायकांचा तुम्ही उल्लेख केलात, त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर बुवांकडे या आठवड्यातच जा. मोबाइल विमान-मोडवर टाका, उशीवर त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा, आणि एकेक चाल नुसत्या आवाजात, टाळ-पखवाजाशिवाय म्हणून घ्या. चाल शिकायला असं ध्वनिमुद्रण सहा ट्रॅकच्या भजनापेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण प्रत्येक जागा, प्रत्येक हरकत स्वच्छ ऐकू येते. आधी त्यांना आणि मंडळाला विचारा की हे कुणी ऐकलं तर चालेल, इंटरनेटवर टाकलेलं चालेल का, आणि त्यांचं उत्तर त्याच ध्वनिमुद्रणात घ्या. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला बुवांच्याच तोंडून अभंगाची पहिली ओळ, ही चाल त्यांनी कुणाकडून घेतली आणि ती कुठल्या प्रसंगी म्हणतात, एवढं वदवून घ्या. फाइलला नाव देताना तारीख, गायक, पहिली ओळ आणि पट्टी असा क्रम ठेवा. तीन प्रती करा : एक तुमच्याकडे, एक भाच्याकडे, एक मंडळाकडे. यंत्र आल्यावर याच चाली पुन्हा सगळ्या मंडळासह घ्या. कागदावर बैठकीची मांडणी काढलीत की त्याचा फोटो मला पाठवा, माइक कुठे ठेवायचे ते त्यावर खुणा करून सांगते.